बोटीचा पंखा शेवाळ आणि बार्नॅकलपासून कसा वाचवावा

नवी बोट घेतली की तळाला कोणता रंग मारायचा यावर भरपूर खल होतो. पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, नावही त्या चर्चेत येत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढंच त्याचं कारण. मग बोट काही आठवडे जागेवर उभी राहते. एके दिवशी बाहेर काढावी, तर इंजिन गुरगुरतंय, धूर काळा येतोय आणि बोट मात्र सुस्त. नवखा माणूस अशा वेळी डिझेलचा फिल्टर बदलतो, गिअरबॉक्सवर संशय घेतो, मेकॅनिकला बोलावतो. बोटीखाली डोकावून बघायचं सगळ्यांत शेवटी सुचतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे अपेक्षाभंग नको. पंख्यावर काहीही बसूच नये असा लेप मिळत नाही. जे मिळतं ते बसणाऱ्याची पकड सैल करतं किंवा त्याला थोडा उशीर करायला लावतं. बाकीचं काम बोट नियमित चालवल्याने आणि वेळेवर फडका फिरवल्यानेच होतं. महागडा डबा आणला, लेप दिला आणि बोट चार महिने बांधून ठेवली, तर पैसे अक्षरशः पाण्यात.

पंख्यावर काय बसतं आणि कधी

धातू पाण्यात गेला की काही तासांतच त्याच्यावर सेंद्रिय पदार्थांचा न दिसणारा पापुद्रा धरतो. त्यावर जिवाणू येतात, मग सूक्ष्म शैवाल येतं, आणि थोड्याच दिवसांत बोटाला बुळबुळीत लागणारा चिकटा तयार होतो. हिरवं शेवाळ, चुन्याच्या नळ्या करून राहणारे किडे, बार्नॅकल, शिंपले ही मंडळी पाठोपाठ येतात. क्रम अगदी असाच असेल असं नाही. बार्नॅकल कधी कधी चिकट्याची वाटही पाहत नाही.

बार्नॅकल म्हणजे तो पांढरा, धारदार कडांचा, छोट्या ज्वालामुखीसारखा दिसणारा सुळका. कवचामुळे लोक त्याला शिंपल्याच्या जातीचा समजतात. प्रत्यक्षात तो खेकडा-कोळंबीचा भाऊबंद आहे. त्याचं पिल्लू पाण्यात तरंगत फिरतं. चिकटण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेत ते काही खात नाही. जागा शोधणं एवढंच त्याचं काम. डोक्यावरच्या दोन स्पर्शिकांनी ते पृष्ठभागावर अक्षरशः चालतं, इथे चाचपतं, तिथे चाचपतं, आणि जागा पसंत पडली की सिमेंटसारखा द्रव सोडून डोक्याच्या बाजूने कायमचं चिकटतं. मग भोवती चुन्याचं कवच उभं राहतं. ते सिमेंट पाण्याखाली, ओल्या पृष्ठभागावर घट्ट होतं. माणसाने केलेल्या फार थोड्या गोंदांना हे साधतं.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली वेळेची. चिकटा आहे तोवर कापड पुरतं. बारीक कवच आलं की प्लास्टिकची पट्टी लागते. बार्नॅकल जुना झाला की वरचं कवच तुटतं, पण बुडाची पांढरी चकती धातूला तशीच राहते आणि तिला वेगळा उपचार करावा लागतो. म्हणजे दर आठवड्याला काम दुप्पट होत जातं असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या हालचालीची. वेगाने वाहत्या पाण्यात त्या पिल्लाला पाय रोवता येत नाहीत. आता पंख्याचा हिशोब करून बघा. ५० सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक सेकंदाला साधारण २६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९४ किलोमीटर वेगाने पाणी कापत असतं. फिरत्या पंख्यावर कोणी घर करत नाही. उभ्या पंख्यावर मात्र सगळे करतात.

हाच वेग दुसऱ्या बाजूने अडचणीचाही आहे. तळाला मारतात तो अँटीफाउलिंग, म्हणजे समुद्री जीवांना बसू न देणारा, रंग पंख्यावर का टिकत नाही, हे नवखे लोक नेहमी विचारतात. एक तर गुळगुळीत ब्राँझवर रंगाची पकड मुळातच कमी. त्यात हा वेग. शिवाय पात्यामागे दाब घटून वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पृष्ठभागाजवळ फुटतात. त्याला कॅव्हिटेशन म्हणतात आणि त्यापुढे धातूही झिजतो, तिथे रंगाची काय कथा. टोकाचा आणि पुढच्या धारेचा रंग आधी उडतो, आणि नेमका तोच भाग जास्त महत्त्वाचा असतो. पाण्याला ढकलण्याचं मोठं काम पात्याचा बाहेरचा भाग, साधारण त्रिज्येच्या ७० टक्क्यांच्या आसपासचा पट्टा करतो. हबजवळ, म्हणजे पाती जिथे जुळतात त्या मधल्या गड्ड्याजवळ, चार बार्नॅकल असणं आणि टोकाजवळ चार बार्नॅकल असणं यात म्हणूनच फार फरक आहे.

ब्राँझमध्ये तांबं आहे, मग जीव बसतातच कसे?

प्रश्न रास्त आहे. तांबं समुद्री जीवांना विषारी असतं; जुन्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारत ते याच कारणासाठी. पण तांब्याचा गुण दिसायला ते पाण्यात कणाकणाने विरघळावं लागतं. आपण काय करतो? शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, झिंकचा (जस्ताचा) तुकडा बसवतो. झिंक स्वतः झिजून ब्राँझला झिजू देत नाही. ब्राँझ विरघळणं थांबलं, की त्याचं विष सुटणंही थांबतं.

हा तिढा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना लोखंडाचे किंवा झिंकचे तुकडे जोडायची युक्ती काढली. युक्ती तंतोतंत चालली. तांबं झिजायचं थांबलं, आणि त्यावर शेवाळ-बार्नॅकलचं रान माजलं. आरमाराने ते तुकडे काढून टाकले.

हे वाचून झिंक काढून टाकायचा मोह होईल, पण तसं करू नका. पंख्याच्या बऱ्याचशा मिश्रधातूंमध्ये जस्त असतं. ‘मँगनीज ब्राँझ’ या नावाने विकला जाणारा धातू तर खरं पाहता पितळच आहे. संरक्षण गेलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. पंखा घासण्याचा त्रास परवडला, पण पातं तुटणं परवडत नाही.

पायरी १: आधी मोजून ठेवा

पंखा स्वच्छ असताना बोट कशी चालते हे लिहून ठेवलं नसेल, तर तो घाण झाला हे कळणार कसं? वारा आणि लाट नसलेला दिवस निवडा. सामान आणि इंधन नेहमीएवढं असू द्या. एकाच सरळ पट्ट्यात जाऊन-येऊन, म्हणजे प्रवाहाचा परिणाम कटेल, दोन-तीन ठरावीक आरपीएमवर (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) वेग नोंदवा आणि सरासरी काढा. शेवटी थ्रॉटल पूर्ण उघडून इंजिन किती आरपीएमपर्यंत जातं आणि तापमान किती दाखवतं तेही टिपा. ही चार ओळींची नोंद इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

नंतर कधी पूर्ण थ्रॉटलला शे-दोनशे फेरे कमी दिसले, त्याच आरपीएमला वेग कमी आला, रिव्हर्समध्ये बोट थांबायला जास्त अंतर घेऊ लागली किंवा सुकाणाला थरथर जाणवली, तर पहिला संशय पंख्यावर घ्या. खडबडीत पातं फिरवायला इंजिनला जास्त जोर लावावा लागतो. काळा धूर आणि चढलेलं तापमान त्यातूनच येतं. तसंच रेटत राहिलात तर इंजिनचं आयुष्य कमी होतं, हे इंधनाच्या खर्चापेक्षा मोठं नुकसान आहे.

पायरी २: बोट वर काढल्यावर लगेच खरवडा

बोट पाण्याबाहेर आली की चहा नंतर, पंखा आधी. ओलं असताना जे पट्टीने सहज सुटतं ते वाळल्यावर दगड होतं. कडक प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी घ्या आणि हबकडून टोकाकडे खरवडत जा. पुढच्या धारेजवळ हात हलका ठेवा. छन्नी-हातोडी आणि ग्राइंडर पेटीतच राहू द्या. पात्याची जाडी आणि धारेचा आकार मोजूनमापून केलेला असतो. एका पात्यावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी धातू घासला गेला, तर तोल जातो आणि ती थरथर शाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते.

राहिलेल्या पांढऱ्या चकत्या चुन्याच्या असतात, त्यामुळे सौम्य आम्लाने विरघळतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड पात्याभोवती गुंडाळून ठेवा, वाळू देऊ नका, अधूनमधून पट्टी फिरवा. घाई असेल तर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल चालतं, पण हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांच्याशिवाय नाही. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. ब्लीचच्या बाटलीजवळसुद्धा ते नेऊ नका, कारण दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. झिंक आधी काढून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना हे आम्ल लावायचंच नाही. काम झालं की भरपूर गोड्या पाण्याने धुऊन काढा.

पायरी ३: धातू तपासा

आता पंखा उघडा दिसतोय, तर दोन मिनिटं नीट बघून घ्या. पिवळट धातूवर गुलाबी-तांबूस डाग दिसले तर जस्त निघून चालल्याची ती खूण. लाकडी दांड्याने पात्यावर हलकेच टकटक करा: निरोगी ब्राँझ घणघणतं, आतून पोखरलेलं थप्पकन बोलतं. पात्याच्या मुळाशी बारीक तडा, धारेला दाते, वाकलेलं टोक यांपैकी काही आढळलं तर लेपाचं काम थांबवा आणि पंखा दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. शाफ्टला आधार देणाऱ्या रबरी बेअरिंगच्या आतल्या खाचाही बघा. त्यांतून पाणी जाऊन बेअरिंग थंड आणि ओलं राहतं. तिथे बार्नॅकल भरले तर रबर जळतं.

पायरी ४: लेप निवडा

इथे मत-मतांतरं भरपूर आहेत. माझं मत सांगतो, पटेल ते घ्या.

काहीही न लावणं हा पहिला पर्याय, आणि तो वाटतो तितका आळशी नाही. दर आठवड्याला बोट चालवणारा आणि महिन्यातून एकदा स्वतः पाण्यात उतरणारा माणूस पंखा नुसता चकचकीत पॉलिश करून ठेवू शकतो. ४०० पासून ६०० नंबरच्या पेपरपर्यंत जायचं, मग पॉलिश. गुळगुळीत धातूवरचा चिकटा कापडाच्या एका फटक्यात निघतो.

दुसरा पर्याय झिंकयुक्त स्प्रेचा. स्वस्त, सोपा, डबा हलवा आणि मारा. यातलं झिंक स्वतः झिजत जातं आणि वर बसलेल्याला घेऊन सुटतं. ब्राँझला चिकटून असल्यामुळे ते भराभर संपतं, त्यामुळे याच्याकडून एका हंगामापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. पहिल्या वर्षी, अजून बोटीची सवय कळायची आहे तेव्हा, मी हाच सुचवेन.

तिसरा, सिलिकॉनचा. प्रोपस्पीड हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. धातूला धरून बसणारा प्रायमर आणि त्यावर पारदर्शक, निसरडा थर अशी याची रचना. यात विष नसतं. जीव बसतात, पण त्यांना घट्ट धरता येत नाही, आणि पंखा वेगाने फिरला की गळून पडतात. म्हणूनच उभ्या राहणाऱ्या बोटीला याचा फायदा कमी आणि धावणाऱ्या बोटीला जास्त. महाग आहे, आणि तयारीत कसूर झाली तर पापुद्र्यासारखा निघून येतो. एकदा लावल्यावर धातूची पट्टी किंवा खरखरीत घासणी त्याला अजिबात लावायची नाही, फक्त मऊ कापड.

तळाचाच तांबेयुक्त रंग पंख्याला मारणारेही आहेत. एपॉक्सी प्रायमर देऊन, टणक प्रकारचा रंग वापरला तर हबवर आणि पात्याच्या आतल्या भागावर थोडा टिकतो, टोकाला नाही. पण अ‍ॅल्युमिनियमच्या कोणत्याही भागाला, म्हणजे आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनचा) पाय किंवा सेलड्राइव्ह, स्टर्नड्राइव्ह या बुडाबाहेर येणाऱ्या पायांना, साध्या तळाचा तांब्याचा रंग लावू नका. खाऱ्या पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खल्लास होतं. त्या भागांसाठी वेगळे रंग मिळतात, डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

लॅनोलिन, ग्रीस, मेण यांबद्दल थोडक्यात: लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेणचट तेल) गरम करून चोळलं तर काही काळ उपयोग होतो, कमी खर्चात होतो, आणि पुन्हा लावायला काही वाटत नाही. साधं ग्रीस पहिल्याच फेरीत धुऊन जातं आणि पाण्यावर तवंग येतो. रंगात मिरचीपूड घालणारे सगळीकडे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

कोणी जुना ‘जालीम’ रंग देऊ केला तर मात्र चौकशी करा. ट्रायब्युटिल टिन हे रसायन असलेले रंग फार परिणामकारक होते, पण त्यांनी कालवांची कवचं विद्रूप केली आणि गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटले. फ्रान्सने १९८२ साली लहान बोटींवर त्यांचा वापर बंद केला. पुढे २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमलात आला. असा डबा कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

पायरी ५: लेप लावा

यात लावण्यापेक्षा तयारीलाच जास्त वेळ जातो, आणि तसाच तो जायला हवा. पंखा काढायची गरज नाही; शाफ्टवर असतानाच सगळं करता येतं.

पॉलिशच्या उलट, लेपासाठी धातू खडबडीत हवा. ८० ते १२० नंबरच्या पेपरने सगळीकडे एकसारखी ओरखड्यांची जाळी उठेपर्यंत घासा, पात्याची पाठ आणि हबजवळचे कोपरे विसरू नका. लोक समोरून दिसणारी बाजू सुंदर करतात आणि लेप मागच्या बाजूने सुटतो. शाफ्टचा उघडा भाग आणि त्याचा आधारकंसही याच वेळी घासून घ्या, कारण पंखा स्वच्छ आणि शाफ्टवर बार्नॅकलची माळ असं असून भागत नाही.

घासून झाल्यावर धूळ झटका आणि अ‍ॅसिटोन किंवा लेपासोबत आलेल्या द्रवाने पुसा. एकाच दिशेने पुसायचं आणि कापड सारखं बदलायचं. पांढरं कापड पांढरंच राहिलं की समजा झालं. त्यानंतर उघड्या हाताने पात्याला शिवू नका. बोटांचं तेल पुरतं लेप बिघडवायला.

मग मास्किंग टेप. झिंक आणि झिंक जिथे टेकतं ती जागा, बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्टचा भाग, दोर कापायचं पातं असेल तर त्याची धार, घडीच्या (पाती मिटणाऱ्या) पंख्याचे दाते आणि बिजागऱ्या, इथे लेप जाता कामा नये. तळाच्या रंगाच्या जवळ सिलिकॉन उडणार नाही अशी आडोशाची सोय करा; सिलिकॉन पडलेल्या जागी नंतर दुसरा रंग धरत नाही.

प्रायमर आणि वरचा थर यांच्यामधल्या वेळेबाबत डब्यावरच्या सूचना अक्षरशः पाळा. काही सिलिकॉन लेपांत प्रायमर अजून किंचित चिकट असतानाच वरचा थर द्यावा लागतो, पूर्ण वाळल्यावर दिला तर तो धरत नाही. दमट, पावसाळी किंवा फार गार हवेत हे काम काढू नका. दोन माणसं असतील तर एकाने प्रायमर, दुसऱ्याने मागोमाग वरचा थर, अशी जोडी चांगली जमते.

पायरी ६: झिंक

लेप असो वा नसो, झिंक हवंच. ते निम्मं झिजलं की बदला, संपायची वाट पाहू नका. बसवताना खालचा शाफ्ट घासून चकचकीत करा, कारण धातूला धातू भिडला नाही तर झिंक नुसतं वजन म्हणून लटकतं. झिंकला कधीही रंग लावू नका. खाऱ्या पाण्यात झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड (स्वतः झिजणारे तुकडे), निमखाऱ्यात अ‍ॅल्युमिनियमचे, निव्वळ गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. काही महिन्यांनीही झिंक नव्यासारखं कोरं दिसलं तर आनंद मानू नका. त्याचा संपर्क होत नसण्याची शक्यता जास्त.

पायरी ७: पाण्यात उतरून घासणं

हे काम सोपं आहे आणि यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरक्षेचं आधी.

इंजिन बंद, बॅटरीचा स्विच बंद, किल्ली पाण्यात उतरणाऱ्याच्या स्वतःच्या ताब्यात, आणि सुकाणावर ‘खाली माणूस आहे’ अशी पाटी. एकटं कधीही उतरू नका. वर एक माणूस फक्त तुमच्याकडे लक्ष ठेवून असला पाहिजे. भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळेची निवड करा. लाट असेल तर काम पुढे ढकला, कारण उसळणारं बोटीचं बूड डोक्यात बसतं. धक्क्याला बांधलेल्या बोटीची किनाऱ्यावरून येणारी वीज तोडा, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका: शेजारच्या बोटीतून गळणारी वीजही पाण्यात येते. गोड्या पाण्यात हा धोका जास्त, कारण तिथे माणसाचं शरीर पाण्यापेक्षा चांगला वीजवाहक ठरतं. अशा धक्क्यापाशी पाण्यात उतरूच नये हे उत्तम. बोट दूर नांगरावर न्या आणि तिथे घासा.

पूर्ण बाह्यांचा पोशाख आणि जाड हातमोजे घाला. बार्नॅकलने कापलेलं चिघळतं; गरम, खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू जखमेतून गंभीर आजार करतात. कापलं तर लगेच साबणाने धुवा आणि लाली पसरू लागली तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

हत्यारं मनगटाला दोरीने बांधा, नाहीतर ती तळाशी जातील. बोटीला धरून राहायला सक्शनचा हँडल फार उपयोगी पडतो, कारण एका हाताने घासताना प्रत्येक फटक्यागणिक तुम्हीच मागे ढकलले जाता. आधी टोकं आणि पुढच्या धारा, मग पात्यांचे बाहेरचे अर्धे भाग, मग आतले, शेवटी शाफ्ट. श्वास संपला किंवा थंडी वाजली आणि अर्ध्यावर सोडावं लागलं, तरी महत्त्वाचं झालेलं असतं. सगळी पाती सारखीच घासा. एक चकचकीत आणि एक काटेरी असा पंखा थरथरतो.

पाण्यात घासायला तुमच्या बंदरात परवानगी आहे का हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी बंधनं असतात, कारण रंगाचे कण पाण्यात जातात आणि दूरच्या समुद्रातून आलेला एखादा जीव नव्या पाण्यात सुटतो. लांबून आलेल्या बोटीचा पंखा शक्यतो बाहेर काढूनच घासावा आणि निघालेला कचरा गोळा करून टाकावा.

बोट बराच काळ उभी राहणार असेल तर

आउटबोर्ड असेल तर प्रश्नच नाही: पाय पूर्ण वर उचला, पंखा पाण्याबाहेर येऊ द्या. याच्यापेक्षा चांगला उपाय कुठल्याच डब्यात मिळत नाही. वर उचलल्यावरही पायाचा खालचा भाग पाण्याला टेकलेला राहत नाही ना, तेवढं पाहा.

शाफ्टच्या बोटींसाठी काळ्या प्लास्टिकची जाड पिशवी पंख्यावर चढवून तोंड बांधून ठेवायची पद्धत आहे. आत उजेड नाही, ताजं पाणी नाही, प्राणवायू संपत जातो. मग आत कोणाला फार जगता येत नाही. ही युक्ती चालते, पण तिच्या दोन अटी आहेत. पिशवी आहे हे किल्लीलाच चिठ्ठी बांधून लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी गिअर टाकेल. आणि शाफ्ट स्टेनलेसचा असेल तर पिशवी फक्त पंख्यापुरती ठेवा. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा पापुद्रा प्राणवायूवर टिकतो, कोंडलेल्या पाण्यात त्याला खड्डे पडू लागतात.

नदीमुखाजवळ असाल तर काही दिवस बोट गोड्या पाण्यात नेऊन ठेवल्यानेही समुद्री जीव बरेचसे मरतात. कवचं मात्र मेल्यावरही चिकटूनच राहतात, ती खरवडावीच लागतात. बुडाला आतून बसवायची अल्ट्रासाउंडची यंत्रंही विकली जातात. चिकटा आणि शेवाळ कमी झाल्याचं सांगणारे आहेत, बार्नॅकलवर काही फरक न पडल्याचं सांगणारेही आहेत. लाकडी किंवा मधे फोम भरलेल्या बुडातून तो कंप नीट पोहोचत नाही, त्यामुळे तशा बोटीला हा खर्च मी करणार नाही.

आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीचा पंखा दहा मिनिटं नुसता हळू फिरवून फार काही साधत नाही. डिझेल इंजिनलाही भाराशिवाय चालणं मानवत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा तास-अर्धा तास बाहेर जाऊन यावं आणि त्यात थोडा वेळ वेगाने चालवावं.

स्वच्छ केल्यावरही थरथर राहिली तर

पंखा घासला, बोट बाहेर नेली आणि वेग परत आला पण कंप गेला नाही, असं होऊ शकतं. आधी पात्याच्या मुळाशी आणि हबच्या मागे दोर किंवा मासेमारीची तंगूस गुंडाळलेली नाही ना ते बघा. शेवाळाखाली ती सहज लपते. घडीचा पंखा असेल तर बिजागरीत एखादा बार्नॅकल अडकून एक पातं पूर्ण उघडत नसेल. हाताने प्रत्येक पातं उघडून-मिटून पाहा आणि सांगितलेलं ग्रीस भरा. मग शाफ्ट हाताने हलवून बेअरिंगमध्ये खेळ किती आहे ते तपासा. हे सगळं ठीक असेल तर पातं वाकलेलं असण्याची किंवा कधीतरी जोराने घासताना तोल गेलेला असण्याची शक्यता उरते, आणि तो तोल धक्क्यावर बसून अंदाजाने साधता येत नाही. पंखा काढून कार्यशाळेत द्या. काढण्याआधी नट, वॉशर आणि चावी (पंखा शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारी धातूची पट्टी) कोणत्या क्रमाने बसलेले आहेत त्याचा फोटो घेऊन ठेवा.